नवव्या दिवसाची वाळू

शटर अर्धंच खाली ओढलेलं होतं. दुपारी गिरणीवाले जेवायला बसतात तेव्हा ते अर्धं ओढतात. आतलं गिऱ्हाईक वाकून बाहेर पडेल, बाहेरचं आत येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. चाळीस वर्षं मी त्या शटरखालून वाकून बाहेर पडत आले. त्या दिवशीही वाकले, फक्त एक पाऊल आधी ताठ झाले. बस, इतकंच. रक्त नाही, टेंगूळसुद्धा नावापुरतं. छातीशी दोन किलो कोकोची पिशवी होती, दालचिनी आणि बदाम घालून नुकताच दळलेला, न्हाऊ घातलेल्या बाळासारखा ऊन ऊन. तो मी पडू दिला नाही याचंच मला कौतुक वाटलं. डोक्यात मात्र एक आवाज झाला. सोलेदादच्या देवळातल्या मोठ्या घंटेचा ठोका संपल्यावर हवेत जो गुणगुणाट उरतो, तसा. पण ठोका नसताना. गिरणीतल्या मुलीने, आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला लावतात तसं दोन्या लावून, विचारलं, "लागलं का हो, दोन्या फिदेलिया?" मी म्हटलं, "मला कसलं लागतंय? शटरला विचार." ती हसली, मीही हसले. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की या मुलीचं नाव मला आठवत नाहीये. तिच्या बाप्तिस्म्याचा बदामी केक मी खाल्ला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी माझ्या डोळ्यांत उजेड टाकला, एका रेषेवरून चालायला लावलं, मग म्हणाल्या, "मेंदू हललाय, आजी. फोटोत काही दिसणार नाही, पण हललाय. विश्रांती घ्या. टीव्ही नको, फोन नको, गर्दी नको. एका वेळी एकच काम." मी म्हटलं, "आयुष्यभर मी एकच काम करत आले, बाई." त्यांनी विचारलं, कोणतं. मी सांगितलं की कुणाच्या घरी माणूस गेलं की नऊ दिवस तिथे जाऊन जपमाळ सांगायची, तेच माझं काम. आमच्या वस्तीत पाद्री एकदा येतात, पुरून जातात. पुढचे नऊ दिवस आत्म्याला वाटेला लावणं हे प्रार्थना सांगणाऱ्या बाईकडे असतं. मी अर्धी ओळ म्हणायची, घरातले आणि शेजारचे उरलेली अर्धी म्हणणार. 'नमो मरिये' माझं, 'पवित्र मरिये' त्यांचं. दहा दहाचे पाच फेरे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणजे लक्ष लागतं त्याला." हो, म्हटलं, लक्षच लागतं, दुसरं काही नाही.

तेच राहिलं नव्हतं. कसं सांगावं. घराची सगळी दारं-खिडक्या एकदम उघडाव्यात आणि वारा नुसता इकडून तिकडे फिरत राहावा, टेबलावर काही म्हणून टिकू नये, तसं डोकं झालं होतं. बाजारात ताडपत्रीतून पडणारा निळा उजेड डोळ्यांत खुपायचा. टोमॅटोवाली बोलायला लागली की तिचं बोलणं, पलीकडचा रेडिओ, सुरीवर सुरी घासल्याचा आवाज, सगळं सारख्याच मोठ्याने आत शिरायचं. कुणाला आधी बसायला जागा द्यावी तेच मला कळायचं नाही. रस्ता ओलांडायला उभी राहिले की छाती धडधडायची, हाताला घाम सुटायचा, आणि सतत वाटायचं की घरी चुलीवर काहीतरी ठेवून आले आहे. परत जाऊन पाहायची. चूल विझलेली असायची. पुन्हा निघायची, कोपऱ्यापर्यंत गेले की पुन्हा तेच. एका सकाळी मी अशी चार वेळा परत आले. चौथ्या वेळी विझलेल्या चुलीसमोर बसले आणि रडले. रडतानाही लक्ष टिकेना. मध्येच कशासाठी रडत होते ते विसरले, आणि अंगणातल्या हौदावर कबूतर पाणी पितं ते बघत बसले.

मला व्रत आहे. एकोणिसाव्या वर्षी आईच्या आजारपणात घेतलेलं: उजाडायच्या आत, तोंडात पाणी घालण्याआधी, जपमाळेचे पंधरा फेरे. आई वाचली नाही, पण व्रत मी सोडलं नाही. देवाशी सौदा करायचा नव्हता मला. शटरनंतरच्या पहिल्या पहाटे मी माळ हातात घेतली आणि तिसऱ्या मण्यावर अडकले. हा मणी झाला की व्हायचा आहे? बोट मण्यावर, पण मणी काही सांगेना. सगळे मणी सारखे. झालेले आणि राहिलेले एकाच दोऱ्यात, एकाच चेहऱ्याचे. मी मागे गेले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. पूर्वेला लाली आली, पोपट ओरडत गेले, आणि माझा पहिला फेराही झाला नव्हता. शनिवारी पाद्र्यांपुढे गुडघे टेकून कबुली दिली की व्रत मोडलं. ते म्हातारे आहेत, त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून पापं मोठ्याने सांगावी लागतात आणि सगळ्या रांगेला कळतात. ते म्हणाले, "दोन्या, देवाला मोजता येतं. तुम्ही कशाला मोजता?" मागून कुणीतरी खुसखुसलं. मला मात्र ते हसण्यावारी नेता आलं नाही. जिला मोजता येत नाही तिला घरी कोण बोलावणार, हे माझ्या डोक्यात होतं. आणि कोण बोलावणार यापेक्षा, ओतिलियाचं काय, हे.

ओतिलिया माझी कोमाद्रे. तिच्या मुलीला, रेमेदियोसला, मी बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर घेतलं, तेव्हापासूनचं हे नातं. तिला बरं नव्हतं. ज्या दिवशी शटर लागलं त्या दिवशीचा कोकोही तिच्यासाठीच दळून आणला होता; दुसरं काही तिच्या पोटात ठरत नव्हतं. तीस वर्षं मी जिथे जिथे जपमाळ सांगितली तिथे ती पुढच्या ओळीत बसून उत्तर द्यायची, सगळ्यांच्या अर्धा शब्द आधी. माझा शेवटचा शब्द संपायच्या आत तिचा पहिला सुरू झालेला असायचा. मी तिला म्हणायची, "अगं, मला श्वास तरी घेऊ दे." ती म्हणायची, "तू घे की. मी काय तुझ्या नाकाने घेते?" मी तिच्या उशाशी बसून चॉकलेट ढवळत असताना ती म्हणाली, "माझ्या वेळी तूच सांगायचंस. त्या कास्तुलाला बोलावू देऊ नकोस. ती मेलेल्याला बस पकडायची असल्यासारखी सांगते. नववा दिवस सावकाश कर. मला घाई नाही." मी हो म्हटलं. माझ्या डोक्याबद्दल तिला बोलले नाही. रवी फिरवताना फेस वर आला, आणि तो फेस बघता बघता ती पुढे काय म्हणाली ते निसटून गेलं. तिला परत विचारायला हवं होतं. लाज वाटली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली.

त्याच्या आदल्या काही दिवसांतली एक पहाट मात्र सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळेच मी पुढे उभी राहिले. माळ उशाखाली ठेवून दिली होती. डॉक्टरीणबाईंचं 'एकच काम' आठवलं आणि ठरवलं की आज एकच शब्द. 'नमो'. म्हटला, आणि पुढचा शब्द आला नाही, मी बोलावलाही नाही. भिंतीवर उजेडाचा पट्टा पडायला लागला होता. आधी राखी, मग कोवळ्या कणसाच्या रंगाचा. तो शब्द खोलीत उभाच होता. एक देवदूत एका गरीब मुलीच्या दारात आला आणि हे म्हणाला. तिच्या हातात तेव्हा काय असेल, घागर असेल, पीठ असेल. ती घाबरली असेल. मोठी बातमी त्याच्या पोटात होती, पण आधी त्याने नुसता नमस्कार केला. चाळीस वर्षं मी या शब्दावरून धावत गेले होते, रोज दीडशे वेळा, एखाद्या उंबऱ्यावरून जावं तशी, आणि उंबऱ्याच्या आत एवढी जागा आहे हे मला माहीतच नव्हतं. अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे, किंवा भीतीचाच, पण चुलीच्या भीतीसारखा नव्हे. पट्टा भिंतीवरून खाली उतरून फरशीवर आला तरी मी तिथेच होते. डोकं तेवढंच दुखत होतं. बरं काही झालं नव्हतं. फक्त मोडलेल्या जागेतून आत पाहता येत होतं.

तरी नऊ दिवस म्हणजे एक पहाट नव्हे. तिथे माणसं असतात, गुडघे दुखत असतात, मागे मक्याच्या पिठाचे तमाल उकडत असतात. मी मक्याचे पन्नास दाणे निवडले आणि एक मातीचा पेला घेतला. एक 'नमो मरिये' झाली की एक दाणा पेल्यात. टप. पेल्यात पडलेला दाणा परत ओंजळीत येत नाही. झालेलं झालं हे तो सांगतो, जे मणी सांगत नव्हते. डोळ्यांवर मेलेल्या नवऱ्याचा काळा चष्मा घातला. पहिल्या दिवशी मला पाहून शेजारची कास्तुला म्हणाली, "हे काय फिदेलिया, मोटारसायकल बाहेर लावलीस का?" मी म्हटलं, "हो, तुझ्यासाठी मागची जागा ठेवली आहे." हशा पिकला. पाच दिवस दाण्यांनी धरून ठेवलं. सहाव्या दिवशी तिसऱ्या फेऱ्यात दाणा टाकायचा राहून गेला, मग दोन टाकले, मग एक परत काढला. पेल्यात बोट घालून मी चाचपडत होते आणि तोंड चालूच होतं. दहाच्या जागी तेरा झाल्या का चौदा, देव जाणे. लोक बिचारे उत्तर देत राहिले. शेवटी कास्तुला पदराआडून, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाली, "या हिशेबाने आपण न्यायाच्या दिवशीही इथेच बसलेले असू."

त्या संध्याकाळी रेमेदियोस मला सोडायला आली. दंडाला धरून चालवत होती, आईसारखीच घट्ट. "माद्रिना, रागावू नका," ती म्हणाली; मी तिची धर्ममाता, म्हणून माद्रिना. "नवव्या दिवशी फार माणसं येणार. दोन तास बसायचं, तुम्हाला झेपेल का? दोन्या कास्तुला तयार आहेत. नाहीतर माझी जाऊ म्हणते की फोनवर सगळी जपमाळ मिळते, स्पीकर लावला की झालं." मी विचारलं, "आणि वाळू कोण उचलणार? स्पीकर?" ती हसली नाही. म्हणाली, "मला आईसाठी भीती वाटते. मध्येच थांबलं तर?" मला कळत होतं. आमच्याकडे नवव्या दिवशी वेदीपुढच्या फरशीवर रंगीत वाळूचं चित्र काढतात, ज्याचं त्याचं दैवत, आणि त्यात क्रूस. जपमाळेच्या एकेका फेऱ्याला त्याचा एकेक भाग उचलायचा: डोकं, उजवा हात, डावा हात, काळीज, पाय. पाच माणसं ठरलेली असतात, प्रत्येकाने आपला भाग हाताने गोळा करून पेटीत भरायचा. पाय उचलले की माणूस घरातून निघालं. उचलणं अर्धवट राहिलं तर ते जात नाही, तिथेच फरशीवर राहतं, अर्धं, असं आम्ही मानतो. मी मानते. मी म्हटलं, "तुझ्या आईला मी शब्द दिला आहे." तिने माझा दंड सोडला नाही. "मग मी काही बोलत नाही," ती म्हणाली, आणि घरापर्यंत खरंच बोलली नाही.

नवव्या दिवशी सकाळपासून ओतिलियाच्या पुतण्याने गुडघ्यांवर बसून वाळू चाळली. एकान्तवासिनी मरियेचा, म्हणजे आमच्या सोलेदादचा, काळा झगा, कडेला सोनेरी बुट्टे, चेहरा मूठभर दाण्यांएवढ्या जागेत, आणि इतका शांत की पायांचा वारा लागू नये म्हणून सगळे भिंतीला घासून चालत होते. निशिगंध, धूप, मेणबत्त्यांचा उष्मा. पाच वाजता मी पुढच्या खुर्चीवर बसले. शेजारची खुर्ची रिकामी होती, ओतिलियाची. तिथे कुणी बसलं नाही, कुणी तसं सांगितलंही नव्हतं. दाराशी तिचा नवरा आबुंदिओ, टोपी गुडघ्यावर. तो सुतार. देवळात लग्नाला आणि बाप्तिस्म्याला गेलेला, एरवी नाही. या आठ दिवसांत त्याने ओठ हलवलेले मी पाहिले नव्हते. मी सुरुवात केली. टप. टप. पहिल्या फेऱ्याला त्याच्या बहिणीने डोकं उचललं. दुसऱ्याला भावाने उजवा हात. वाळू मुठीतून सळसळत पेटीत पडायची, काळ्यात सोनेरी मिसळायचं. तिसऱ्याला डावा हात. चष्म्याआड माझे डोळे मिटलेले होते. सावकाश, मी स्वतःला सांगत होते, तिला घाई नाही. चौथा फेरा काळजाचा. रेमेदियोस पुढे येऊन वाळूपाशी गुडघ्यांवर बसली.

पलीकडच्या देवळात उत्सव होता, ते मी विसरले होते. शोभेच्या दारूचा बाण सुटला आणि आमच्या छपरावरच फुटला. खिडकीची काच थरथरली, आणि माझ्या डोक्यात जे होतं नव्हतं ते सगळं पांढरं झालं. हात उडाला असावा. पेला मांडीवरून घरंगळला आणि दाणे वाळूत सांडले, झग्याच्या काळजावर, पिवळे. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. कोणता फेरा, किती झाल्या, काहीच नाही; तेही चाललं असतं, पण शब्दच नाही. सुरुवातच नाही. जो शब्द त्या पहाटे एवढा मोठा होऊन खोलीत उभा राहिला होता, तो कुठेच नव्हता. छाती धडधडू लागली, चुलीवर काहीतरी आहे, कुठेतरी काहीतरी जळतं आहे, आणि इथे रेमेदियोस ओंजळ उघडी धरून माझ्याकडे पाहते आहे. कुणी खोकलं नाही. कास्तुलाही नाही. ती पुढे होऊन सांगू शकली असती. का सांगितलं नाही ते मी तिला आजवर विचारलेलं नाही. मला एवढंच समजत होतं की मी ओतिलियाला अर्धं फरशीवर ठेवते आहे.

आणि दाराशी कुणीतरी म्हणालं, "पवित्र मरिये."

खरखरीत आवाज, लाकूड तासल्यासारखा. आबुंदिओ. त्याला पहिला अर्धा माहीतच नव्हता, तो नेहमी मी म्हणायची. त्याला येत होतं ते उत्तर, तीस वर्षं स्वयंपाकघरातून, अंगणातून, बायकोच्या तोंडून ऐकलेलं. प्रश्न नसताना तो उत्तर देत होता, आणि तेही अर्धा शब्द आधी, तिच्यासारखं. क्षणभर कुणाला कळेना की असं चालतं का. असं कधी कुणी केलं नव्हतं. मग दोघी-तिघी त्याच्या मागे लागल्या, मग सगळं घर, 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' इथपर्यंत. आणि ते जिथे संपलं, त्या रिकाम्या जागेत, माझ्या तोंडात, मी न शोधता, 'नमो' होता. मी उत्तर दिलं. तीस वर्षं मी सांगणारी होते. त्या दिवशी त्यांनी सांगितलं आणि मी उत्तर दिलं. पुन्हा त्यांचं, पुन्हा माझं. मरणाची वेळ आधी आणि देवदूताचा नमस्कार मागून. कुणी मोजत नव्हतं. रेमेदियोसने काळीज उचललं, दाण्यांसकट. मला वाटलं की ही प्रार्थना कुठून सुरू होते हे आम्हाला कधी माहीतच नव्हतं. ती आमच्या आधीपासून फिरते आहे, आम्ही मधूनच आत शिरतो, कुणी या दाराने, कुणी त्या. खोलीत एवढी माणसं होती, उत्सवाचे बाण अजून फुटत होते, प्रत्येक वेळी मी दचकत होते, आणि दचकणं आणि तो फेरा एकाच वेळी चालू होते. एकाने दुसऱ्याला हाकललं नाही. पाचव्या फेऱ्याला आबुंदिओ उठला. पाय त्याच्या वाट्याचे होते. टोपी खुर्चीवर ठेवून तो गुडघ्यांवर बसला आणि सुताराच्या त्या रुंद तळव्यांनी शेवटची वाळू त्याने इतकी हळू गोळा केली की फरशीवर एक कण दिसेना. मग फरशी नुसती फरशी होती.

चॉकलेट पिताना कास्तुला माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काळजाच्या फेऱ्याला तेवीस झाल्या. मी मोजत होते." हातातला पाव मोडत म्हणाली, "तेवीसपर्यंत मोजत होते." आणि माझ्या पेल्यात स्वतःचा पाव बुडवून तिने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पेटी कबरीवर रिकामी केली तेव्हा दाणेही मातीत गेले. डोकं तीन दिवस दुखलं; मी पडदे ओढून ओला रुमाल घेऊन पडून राहिले. रस्ता ओलांडताना छाती अजून धडधडते, चुलीकडे मी अजून परत जाते, पण आता बहुतेक दोनदाच. डॉक्टरीणबाई म्हणतात, वर्ष लागेल, कदाचित जास्त. चौथ्या दिवशी पहाटे दारावर टकटक झाली. आबुंदिओ होता, टोपी हातात. आत यायला तयार होईना. "कोमाद्रे," तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "ती रोज पहाटे हे म्हणायची. तिकडून तुम्ही म्हणताय असं धरून इकडून उत्तर द्यायची. घर फार गप्प झालंय. मी उत्तर देऊन पाहिलं, पण एकट्याने नुसतं उत्तर म्हणजे... मला पहिला अर्धा शिकवा."

तर ती तिकडून माझं ऐकत होती, दोन गल्ल्या पलीकडून. मला ठाऊक नव्हतं. कदाचित चॉकलेटच्या फेसात निसटलं ते हेच असेल.

मी त्याला हौदाच्या कठड्यावर बसवलं. म्हटलं, "कोम्पाद्रे, माझं डोकं धड नाही. एका वेळी एकच शब्द येतो."

"मला तोही येत नाही," तो म्हणाला.

मी म्हटला. त्याने म्हटला, "नमो." आणि पुढच्या शब्दासाठी माझ्याकडे पाहिलं. पूर्वेला अजून राखीच होतं. कबूतर पाण्यावर उतरलं. तो वाट पाहत होता, पाहता पाहता त्याची नजर माझ्यावरून सुटून भिंतीवर गेली, जिथे उजेडाचा पट्टा नुकता उमटू लागला होता, आणि टोपी फिरवणारी त्याची बोटं थांबली.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "पुढे?"

"आहे पुढे," मी म्हटलं. "घाई नाही."